नारायणराव राजहंस यांची गायनसेवा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा गावी हरिनाम सप्ताह होता. चौथ्या की पाचव्या दिवसाची गोष्ट. हरिपाठ आटोपला होता, रात्रीच्या कीर्तनाला अवकाश होता, म्हणून बायांच्या भजनी मंडळाला अर्धा तास दिलेला. त्या मंडळात एक बाई होती. तिचा धनी चार वर्षांमागे गेला. कसा गेला हे आमच्या जिल्ह्यात कोणी विचारीत नाही. कापूस, कर्ज आणि कोरडे आभाळ एवढे म्हटले की ऐकणारा मान खाली घालतो. ही बाई पुढे आली, टाळ हातात घेतले आणि तिने संत कान्होपात्रेचा एक अभंग म्हटला. आवाज काही फार मोठा नाही, पण मंडपातली कुजबूज थांबली. चाल मात्र आपल्या फडावरची नव्हती. ती नाटकातली होती.

अभंग झाल्यावर गावचे वृद्ध वीणेकरी उठले. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि बाईला जवळ बोलावून समजावले. रागावले नाहीत, पण स्पष्ट सांगितले की ही चाल तिकीट लावून, लुगडे नेसून गाणाऱ्या एका नटाची आहे. देवापुढे ती नको. परंपरेच्या चाली काय थोड्या आहेत? बाईने एवढेच सांगितले की माहेरी बापाजवळ त्या गाण्याची तबकडी होती, लहानपणी ऐकून ऐकून तोंडी बसली, आणि हा अभंग दुसऱ्या कोणत्या चालीवर तिला येतच नाही. मग ती जागेवर जाऊन बसली. पुन्हा काही तिने टाळ उचलले नाहीत.

वीणेकरीबुवांचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. चाल ही आपल्याकडे नुसती गोडीसाठी नसते. शंभर माणसांनी एका पावलावर नाचावे, एकाचाही ठेका चुकू नये, यासाठी ती असते. नाटकी चाल एकट्याच्या गळ्याची असते, तीवर पाऊल्या खेळता येत नाहीत. तरीपण ती बाई तशी खाली बसली हे मनाला लागून राहिले. तो नट कोण, त्याने हे अभंग का आणि कोणत्या अवस्थेत गाइले, हे आपल्या माणसांना ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच. नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. लोक त्यांस बालगंधर्व म्हणतात.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस हे सांगलीकडच्या नागठाण्याचे घराणे. घरात गाण्याची आवड होती, वडील सतार वाजवीत. पोराला गळा उपजतच लाभलेला. काही काळ जळगावात राहून मेहबूबखां नावाच्या उस्तादाजवळ त्याने धडे घेतले. १८९८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या कानी या दहा वर्षांच्या पोराचे गाणे पडले, आणि त्यांनी कौतुकाने जे नाव उच्चारले ते त्याला जन्मभर चिकटले. आपल्याकडे नाव देणाऱ्याला गुरुस्थानी मानतात. टिळकांनी काही त्यांस मंत्र दिला नाही, पण त्या नावाचे ओझे नारायणरावांनी मंत्रासारखे वाहिले, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून वाटते.

आता एक गंमत पाहा. ज्याचे गाणे ऐकायला पुढे महाराष्ट्र लोटला, त्याच्या स्वतःच्या कानात दोष होता. कोल्हापूरचे शाहू महाराज या पोरावर लोभ ठेवून होते. त्यांनी त्यास मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचारासाठी धाडले. त्याच वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी मिरजेत होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तल्यापासून त्या मंडळीला स्त्रीभूमिकेसाठी गाता गळा हवा होता. कान दाखवायला गेलेला पोरगा तिथेच नाटकात शिरला. १९०५ साली मिरजेसच शाकुंतल नाटकात तो प्रथम शकुंतला होऊन उभा राहिला. आमच्या यवतमाळात शकुंतला म्हटले की जुन्या माणसांना मूर्तिजापूरला जाणारी ती चिमुकली आगगाडीच आठवते, कण्वाच्या आश्रमातली नव्हे. पण ते असो.

गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांस अभिनय शिकवला, भास्करबुवा बखल्यांनी गाणे शिकवले. बुवांची तालीम म्हणजे कठीण काम. एकेक स्वर घासून घ्यायचा, शब्द चावायचा नाही, लय सोडायची नाही. आपल्या मृदंगाचार्यांपाशी जे शिकले असतील त्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही. नारायणराव रागदारी दाखवण्यासाठी पद मोडीत नसत. पदाचा अर्थ आधी, स्वर त्याच्या मागून. पुढे अभंगाकडे वळल्यावर हीच सवय त्यांच्या कामी आली.

१२ मार्च १९११. मुंबईस खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीची भूमिका नारायणरावांची. तिकिटे विकली गेलेली, थिएटर भरणार हे निश्चित. आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. मंडळीतले लोक प्रयोग पुढे ढकलायला तयार होते, नारायणराव तयार होईनात. आलेल्या मायबाप प्रेक्षकांना परत पाठवायचे नाही एवढेच त्यांनी धरले. संध्याकाळी ते रंगले, भामिनी होऊन हसले, रुसले, गाइले. नाटक असे गाजले की पुढे कित्येक वर्षे ते त्यांच्या नावाशी जोडलेले राहिले.

ही हकीगत महाराष्ट्रात नेहमी मोठ्या अभिमानाने सांगतात. मला मात्र ती सांगताना दर वेळी अडखळायला होते. वारकरी माणसाला नेम काय असतो ते कळते. घरी सुतक असले तरी वाटेत असलेली वारी माघारी फिरत नाही; दिंडीत कोणी देह ठेवला तर त्याची व्यवस्था करून दिंडी पुढे चालते. त्या हिशेबाने नारायणरावांनी नेम मोडला नाही, हे समजते. पण त्या रात्री बिऱ्हाडी लक्ष्मीबाई होत्या. ते मूल त्यांचेही होते. नवऱ्याला निदान रंगमंच होता, टाळ्या होत्या, तीन-चार तास दुसऱ्याच कोणाचे तरी आयुष्य जगायची सोय होती. त्या माउलीला काय होते? पुढे या दांपत्याची आणखीही मुले अल्पायुषी ठरली. नारायणरावांचे थोरपण सांगताना लक्ष्मीबाईंचे नाव एका ओळीत उरकतात, हे बरे नव्हे. त्यांच्या मौनाचेही काही मोल होते.

१९१३ साली नारायणराव, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मग जे वैभव आले त्याची वर्णने वाचताना आपल्यासारख्याला हसावे की रडावे कळत नाही. रंगमंचावर खरे गालिचे, खरे भरजरी शालू, अत्तराचा घमघमाट. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. महाराष्ट्रातल्या सुना-लेकी या पुरुषाचे पाहून पातळ नेसायला आणि वेणी माळायला शिकल्या. १९१६ साली स्वयंवरातली रुक्मिणी आली, तिच्या पदांना भास्करबुवांचे मार्गदर्शन होते. आमच्या वारकऱ्यांची रखुमाई ती ही, पण नाटकात ती अजून विटेशेजारी उभी राहायची होती. श्रीकृष्णाची वाट पाहणारी कुमारी होती.

१९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास एकच प्याला रंगभूमीवर आले. लिहिणारे गडकरी महिनाभर आधीच, २३ जानेवारीस, देवाघरी गेले होते. या नाटकातली सिंधू म्हणजे दारुड्याची बायको. शालू गेले, दागिने गेले, अंगावर ठिगळाचे लुगडे, घरात जाते आणि पाळणा. भरजरी पोशाखाशिवाय बालगंधर्वांकडे कोण पाहणार, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या ठिगळाच्या लुगड्याने बंद केली. ज्याच्या घरात असे पोर गेलेले, त्याला पाळण्याजवळ बसून गाताना अभिनय किती करावा लागला असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लगेच पुढल्या वर्षी द्रौपदी नाटक. त्यात मयसभा उभी करायला पैसा पाण्यासारखा ओतला. परिणाम व्हायचा तो झाला. मंडळी कर्जात बुडाली आणि कारभार सावकाराच्या हातात गेला. काही वर्षे रोज रात्री गाऊन, मिळेल तो पैसा कर्जात घालून, ते त्यांनी फेडले. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या शेतकऱ्याच्या कर्जाशी या कर्जाची बरोबरी कोणी करू नये. बियाणे, खत आणि लेकीचे लग्न यांसाठी काढलेले कर्ज वेगळे, आणि अत्तर-मखमलीसाठी काढलेले वेगळे. नारायणरावांना व्यवहार कळत नव्हता, किंबहुना कळून घ्यायचा नव्हता. हाताखालच्यांनी हिशेब ठेवावा आणि आपण गावे, अशी त्यांची वृत्ती. तिला कोणी विरक्ती म्हणतात. विरक्त माणूस कर्ज काढत नाही. मात्र काढलेले कर्ज बुडवून ते पळाले नाहीत, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

त्या कर्जाच्याच दिवसांतली गोष्ट. टिळक १९२० साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ स्वराज्य फंड जमू लागला. आमच्या वणीचे बापूजी अणे यांच्यासारखे टिळकभक्त वऱ्हाडात त्या राजकारणात होतेच. मुंबईस ८ जुलै १९२१ रोजी या फंडासाठी संयुक्त मानापमान झाले. केशवराव भोसले ललितकलादर्श मंडळीचे, नारायणराव गंधर्व मंडळीचे. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. ते दोघे एका रंगमंचावर, एक धैर्यधर आणि एक भामिनी. आपल्या फडाफडांतली ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे मोल कळेल. तीन महिन्यांतच, ऑक्टोबरात, केशवराव वारले. ऐन उमेदीत गेले. पुढल्या वर्षी, १९२२ च्या एप्रिलात, भास्करबुवाही गेले. एकामागून एक माणसे जात होती, आणि नारायणराव रात्री रंगून उभे राहत होते.

आता येतो तो भाग, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले.

१९३१ साली गंधर्व मंडळीने कान्होपात्रा नाटक केले. लेखक नारायण विनायक कुलकर्णी. नारायणराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. शरीर स्थूल झालेले, तोंडावरचे तारुण्य ओसरत चाललेले. बोलपट नुकताच येऊ लागला होता, आणि नाटकाची थिएटरे त्याच्याकडे जाणार हे कळत्याला दिसत होते. अशा वेळी त्यांनी कान्होपात्रा घेतली.

कान्होपात्रेची कथा आपल्या घरची. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची ही लेक. रूप असे की त्यावर तिने राज्ये मिळवावीत, आणि तिने काय केले, तर वारकऱ्यांच्या मागे लागून पंढरी गाठली. तिला कुळ नव्हते, परंपरा नव्हती, कोणा गुरूने तिच्या मस्तकी हात ठेवला अशी आख्यायिकाही नाही. विठोबाच्या दारात पडून राहिली आणि अभंग गाऊ लागली, एवढेच तिचे भांडवल. बेदरच्या बादशहाची माणसे तिला न्यायला आली, तेव्हा तिने एकदा दर्शन मागून घेतले आणि देवाच्या पायी देह ठेवला. मंदिरात दक्षिणेच्या दाराशी तरटीचे झाड आहे. वारीत आपण सगळे त्याला हात लावून पुढे सरकतो. मंदिराच्या आवारात समाधी लाभलेली ती. आपल्या गाथेत तिचे अभंग मोजकेच, पण प्रत्येकात ओढून नेल्या जाणाऱ्या जिवाची हाक आहे.

ही हाक नारायणरावांनी कशी दिली, ते तबकड्यांत अजून ऐकायला मिळते. नाटकाच्या चाली बसवण्यात मास्तर कृष्णरावांचा हात होता. तेही भास्करबुवांचेच शिष्य. ऐकताना लक्षात येते की इथे भामिनीची लाडीगोडी नाही, रुक्मिणीचा तोरा नाही. आवाज उंच जात नाही असे नाही, पण जाऊन तो परत खाली येतो आणि शब्दाजवळ बसतो. नाम घेताना घाई नाही. विठोबाला हाक मारताना श्रोत्यांकडे पाहणे सुटलेले आहे, असे मला तरी वाटते. माझे ऐकणे भाविकाचे, समीक्षकाचे नव्हे. चुकत असेन तर जाणत्यांनी क्षमा करावी. याच नाटकात चोखोबांचाही अभंग त्यांनी गाइला. महाद्वाराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचे शब्द त्या काळी खुर्च्यांवर बसलेल्या बड्या लोकांनी डोळे पुसत ऐकले. ऐकून घरी गेल्यावर किती जणांनी आपला उंबरा उघडला, तो प्रश्न निराळा. पंढरीचे महाद्वार अस्पृश्यांस उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

कान्होपात्रेसारखेच नारायणरावांपाशीही रूप होते, आणि त्या रूपावर सगळा बाजार उभा होता. तिने ते तरुणपणीच टाकले, यांच्या हातून ते काळाने काढून घेतले. फरक मोठा आहे. एकाला संत म्हणतात, दुसऱ्याला नट म्हणतात, ते योग्यच आहे. पण काळाने रूप काढून घेतल्यावर बाकीचे नट काय करतात ते आपण पाहतो. यांनी अभंग धरला. मीराबाईवरच्या अमृतसिद्धी नाटकात ते मीरा झाले. १९३४ च्या अखेरीस मंडळी बंद पडली, तेव्हा प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या बोलपटात, १९३५ साली, ते एकनाथ महाराज झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. जन्मभर लुगडे नेसलेला हा माणूस धोतर-उपरण्यात नाथ होऊन उभा राहिला. अस्पृश्याच्या घरी जेवणारे आमचे नाथ. लोकांनी मात्र त्यांस पुरुषवेषात मनापासून स्वीकारले नाही. कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्याने गायचे, समोर माणूस नाही, वाहवा नाही, हे त्यांच्याही पचनी पडले नाही. पहिल्याच बोलपटानंतर प्रभातशी संबंध संपला. मीरेच्या नाटकाचाही पुढे बोलपट निघाला, तोही चालला नाही. पुन्हा नाटकाचे गाडे जुंपले.

त्याच दशकाच्या शेवटी गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. प्रसिद्ध गायिका अमीरबाईंच्या त्या भगिनी. नारायणरावांचे गाणे त्यांनी इतके आत्मसात केले होते की डोळे मिटून ऐकणारा फसावा. ज्या भूमिका नारायणराव करीत त्या गोहरबाई करू लागल्या आणि नारायणराव नायकाचे काम करू लागले. सोबत वाढली. जुने सोबती तुटले, सख्खे भाऊ बापूराव दूर झाले, लोकांची जीभ सुटली. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला.

या प्रकरणी आपल्या मासिकात काय लिहावे हा मला प्रश्नच पडला होता. टाळता आले असते. पण टाळले तर चरित्र कसले? लक्ष्मीबाईंच्या हयातीत जे घडले त्याने त्यांस दुःख झाले असणार, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु गोहरबाई मुसलमान म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि लतीफशहा कोणाचे, याचे उत्तर आधी द्यावे. आणि हेही ध्यानात घ्यावे की चाहते पांगल्यावर, पैसा संपल्यावर, मुंबईत माहीमच्या बिऱ्हाडात पांगळ्या नवऱ्याची सेवा याच बाईने केली. उठवायचे, बसवायचे, भरवायचे. टीका करणाऱ्यांपैकी कोणी त्या कामाला गेला नाही.

पांगळ्या म्हणालो ते अक्षरशः. १९५२ च्या सुमारास नारायणरावांचे पाय गेले. ज्या पावलांच्या चालीवर महाराष्ट्र लुब्ध होता ती पावले उचलेनात. १९५५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते अभिनयाचे पारितोषिक मिळाले, १९६४ साली पद्मभूषण मिळाले. पण मानपत्रांनी चूल पेटत नाही. नाटक संपले. उरला गळा, तोही पूर्वीचा नाही. मग त्यांनी भजनाचे कार्यक्रम सुरू केले. दोन माणसांनी उचलून आणून बैठकीवर बसवायचे, पेटी-तबला लागायचा, आणि ते अभंग म्हणायचे. ना मखमल, ना मुकुट, ना भामिनी. आधी नाटकाच्या ओघात एखादा अभंग येई, आता अभंगच उरला होता. लोक जुन्या पदांची फर्माईश करीत, तीही ते पुरवीत, रागावत नसत. भेटेल त्याला, लहान असो थोर असो, नोकर असो राजा असो, ते देवा म्हणून हाक मारीत. ही त्यांची जन्माची सवय होती. ऐन वैभवात कोणी याला नाटकीपणा म्हटले असेल. पण पाय गेल्यावर, पैसा गेल्यावर, आपल्याला उचलून ठेवणाऱ्या माणसालाही जो देवा म्हणतो, त्याचे ते सोंग राहिलेले नसते. आपण वारीत एकमेकांना माउली म्हणतो आणि रांगेत ढकलतो, त्यापेक्षा हे बरे.

एवढे सगळे होऊन त्यांनी गाणे का सोडले नाही? पोटासाठी, असे उत्तर आहे आणि ते खोटे नाही. गळ्याशिवाय त्यांच्याजवळ विकायला दुसरे काही उरले नव्हते. परंतु मला वाटते, मूल गेले त्या दिवशीही ते गाइले आणि पाय गेले तेव्हाही गाइले, यातली पहिली गोष्ट जिद्दीची होती, दुसरी जिद्दीची नव्हती. पहिल्या वेळी हरायचे नव्हते. दुसऱ्या वेळी हरून झाले होते. हरल्यानंतर जे गाणे येते ते कान्होपात्रेला ठाऊक होते. तिच्या अभंगांत नायकिणीच्या पोरीचा नखरा शोधून सापडत नाही.

१९६४ च्या अखेरीस गोहरबाईही गेल्या. पुण्याच्या महापालिकेने त्यांच्या नावाचे रंगमंदिर बांधायला घेतले होते. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याची कोनशिला त्यांच्याच हातून बसवली गेली. ते उभे राहिलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास नारायणरावांनी देह ठेवला. आमच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. पंचांग काढून पाहिले तर आषाढीला तीन दिवस उरले होते. पालख्या पंढरीच्या वाटेवर शेवटच्या मुक्कामांना आल्या असतील, त्यांत आमच्या वऱ्हाडच्या दिंड्याही असतील. पुढल्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडले. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रे आहेत, एक स्त्रीवेषातले आणि एक पुरुषवेषातले. पुण्यास गेलात तर पाहून या.

हे सगळे मी आमच्या वीणेकरीबुवांना एका दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. ते ऐकत होते, मधून मधून हूं म्हणत होते. लक्ष्मीबाईंचे सांगितले तेव्हा ते उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. मग शेजारच्या एका पोराला हाक मारून त्याच्या मोबाइलवर ती जुनी तबकडी लावायला सांगितली. आवाज खरखरत होता. बुवांनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला, एकदा सोडला, पुन्हा धरला. गाणे संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले की पाऊल्यांना ही चाल चालायची नाही ते नाहीच, पण पहाटे काकड्याच्या आधी, मंडपात गर्दी नसते तेव्हा, एकट्याने म्हणायला हरकत दिसत नाही. आणि त्या बाईला निरोप धाडायला सांगितला, की कार्तिकात काकडा सुरू होतो, लवकर येत जा म्हणावे.